फूल गळाले, बी राहिले

भाद्रपद सरता सरता पाऊस उघडला, तेव्हा आम्ही कमठाण्याहून रविवारच्या शाळेची मुले घेऊन बिदरला बरीदशाही उद्यानात गेलो. अली बरीदशहाने 1576-77 साली, आपल्या हयातीतच, स्वतःसाठी बांधविलेला मकबरा तेथे आहे. त्याच्या चारी बाजूंच्या कमानी मोकळ्या आहेत. वारा आरपार वाहतो. मुलांना फुले दाखवावयाची होती. पण तेरड्याचा बहर ओसरला होता. पाकळ्या मातीत पडल्या होत्या.

आमच्या वृद्ध शिक्षिकाबाई म्हणाल्या, "तेरड्याचा रंग तीन दिवस. आमच्या वर्गाचेही तसेच झाले." त्यांनी शिकविलेली मुले पुण्याला, हैदराबादला गेली. आज वर्गात सातच मुले. वर्ग बंद करावा असे त्यांच्या मनात घोळत होते, हे आम्हांस ठाऊक होते. उत्तर मात्र सुचेना.

इतक्यात एका मुलीने तेरड्याचे फुगलेले बोंड चिमटीत धरले. ते टचकन फुटले आणि बी चहूकडे उडाले. मुले हसत एकेक बोंड फोडू लागली. माळीदादा रागावले नाहीत. पुढच्या पावसात येथेच उगवेल, म्हणाले.

बंधुभगिनींनो, यशयाच्या 40 व्या अध्यायात मनुष्याच्या शोभेला कोमेजणाऱ्या फुलाची उपमा दिली आहे. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (1:23-25) तेच वचन घेतो. पण त्याआधी काय सांगतो? देवाच्या वचनाच्या अविनाशी बीजापासून आपला नवा जन्म झाला आहे. आपण गळालेले फूल पाहतो आणि तेथेच थांबतो. पेत्र बीजापासून आरंभ करतो.

राजाचा दगड चारशे वर्षांहून अधिक टिकला. पण दगड उगवत नाही. तेरड्याचे रोप एका पावसाचे, पण आपले बी दूर टाकून जाते. बोंड फुटल्यावर रोप उजाड दिसते, हे खरे. प्रत्येक बी रुजतेच असेही नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात (मत्तय 13) प्रभूने ते लपविलेले नाही. तरी दाखल्यातला पेरणारा पेरावयास निघालाच.

परतताना बाईंनी पदराच्या गाठीत चिमूटभर बी बांधून घेतले. पुढच्या रविवारी वर्ग भरला. मुले सातच होती.

शिक्षकहो, हजेरीपटावरील आकडा पाहून खचू नका. लावणे व पाणी घालणे आपले. वाढविणारा देव आहे. आमेन.