घडवणाऱ्याचे नाव

धुळे शहराजवळच्या गोंदूर गावात 19 फेब्रुवारी 1925 रोजी, सुतारकाम करणाऱ्या एका गरीब घरात राम वनजी सुतार जन्मले. डिसेंबर 2025 मध्ये नोएडाला त्यांनी देह ठेवला, तेव्हा वयाची शंभरी ओलांडली होती आणि जगातल्या सर्वांत उंच पुतळ्याचे शिल्पकार म्हणून त्यांची नोंद झाली होती. नर्मदेकाठी 182 मीटर उंच उभे असलेले सरदार पटेल आजवर लाखो माणसांनी पाहिले आहेत. त्यांच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढणाऱ्यांपैकी फारच थोड्यांच्या मनात गोंदूर येत असेल.

यात खंत आहेच, पण त्याहून जुना एक प्रश्नही आहे. घडवणाऱ्याचा ‘मी’ त्याच्या कृतीत उरावा की विरून जावा? आपली परंपरा साधारणपणे ‘विरून जावा’ असे सांगते. अहंकार गळाला की कर्म पूजा होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. राम सुतारांचे आयुष्य समोर ठेवून या उत्तराकडे पुन्हा एकदा नीट पाहायला हवे.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलत असत. 21 फेब्रुवारीला सुरू झालेली ही प्रवचने 19 जूनला संपली. साने गुरुजींनी ती उतरवून घेतली आणि मराठीला ‘गीताप्रवचने’ मिळाली. त्यात विनोबांनी कर्म, विकर्म आणि अकर्म यांची सांगड घातली आहे. हाताने चाललेल्या कर्माला आतून मनाची जोड मिळाली, की त्या कर्माचे ओझे राहत नाही. करूनही न केल्यासारखे ते हलके होते. त्याच वर्षी तुरुंगापासून थोड्याच अंतरावर, गोंदूरला, सुताराचा एक मुलगा सात वर्षांचा होता. तुरुंगातले शब्द त्याच्या कानावर पडायचे काही कारण नव्हते. तरीही विनोबांच्या या विचाराला खानदेशातून उदाहरण द्यायचे झाले, तर याच मुलाचे द्यावे लागेल.

गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी या मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. 1953 मध्ये तिथे त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले. पदकानंतर ते पुरातत्त्व खात्यात गेले आणि 1954 पासून 1958 पर्यंत अजिंठा-वेरूळच्या जुन्या शिल्पांची डागडुजी करत राहिले. सुवर्णपदकाच्या जोरावर मुंबईत स्वतःची शैली मिरवण्याच्या वयात त्यांनी चौदा-पंधराशे वर्षांपूर्वीच्या अनामिकांची छिन्नी समजून घेतली. डागडुजी करणाऱ्याचा हात वेगळा दिसला, तर काम फसले असे समजायचे. स्वतःला पुसण्याची याहून कडक शाळा दुसरी नसेल.

वेरूळचे दहावे लेणे विश्वकर्म्याचे म्हणून ओळखले जाते. लोक त्याला ‘सुतार की झोपडी’ही म्हणत आले. त्याच्या छताला दगडात कोरलेल्या फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी वाशांसारख्या. आतली मूर्ती उपदेश करणाऱ्या बुद्धाची. सुतार मंडळी मात्र तिला विश्वकर्मा मानून नमस्कार करायला येत. ज्या मूर्तीपुढे आपण हात जोडतो, ती घडवणारा आपल्यासारखाच कोणी होता, ही जाणीव त्या नमस्कारात आहे, आणि ती धर्माला धरूनच आहे.

पुढे राम सुतारांनी गांधीसागर धरणावर चंबळ नदीची 45 फुटी मूर्ती कोरली. आई चंबळ आणि तिची दोन लेकरे, मध्य प्रदेश व राजस्थान. ही त्यांची स्वतःची कल्पना होती. त्यांचे नाव झाले ते मात्र दुसऱ्यांचे चेहरे घडवून. संसदेच्या आवारातले 16 फुटी ध्यानस्थ गांधी त्यांचे, आणि जगभरच्या कितीतरी देशांत पोहोचलेला गांधींचा अर्धपुतळाही त्यांचाच. त्यांच्या पिढीतले अनेक शिल्पकार हुबेहूबपणा सोडून नव्या आकारांकडे वळले. सुतार तिथेच राहिले. कोणी याला जुनाटपणा म्हणेल. पण व्यक्तिशिल्पात चेहरा दुसऱ्याचा असतो आणि तो पाहणाऱ्यांच्या मनात आधीपासून वसलेला असतो. तिथे शिल्पकाराला आपली लहर सोडावीच लागते. ती लहर एक माणूस साठ-सत्तर वर्षे सोडत राहतो, हे साधनेखेरीज घडत नाही.

इथवर परंपरेचे उत्तर बरोबर वाटते. अडचण पुढे आहे.

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात ते खोदवून घेणाऱ्या बुद्धभद्र भिक्षूचे नाव आहे. ज्यांनी प्रत्यक्ष छिन्नी धरली, त्यांचे नाही. त्यांनी अहंकार सोडला होता, असे आपण म्हणतो; खरे तर त्यांना कोणी विचारलेच नव्हते. मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झाली, की कित्येक ठिकाणी तिला घडवणाऱ्यालाच गाभाऱ्याबाहेर थांबावे लागे. ही विरक्ती नव्हे, लादलेली अनामिकता आहे. दोन्हींना एकाच मोठेपणाची शाल पांघरणे अन्यायाचे आहे.

चाळीसगावच्या दक्षिणेला डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर, ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचे नाव कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा कारागीर गर्विष्ठ होता असे मानायचे कारण नाही. ‘हे मी केले’ याचा अर्थ ‘याला मी जबाबदार’ असाही होतो. वारकरी संतांनी देवापुढे सगळा ‘मी’ ठेवला, तरी अभंगाच्या शेवटी स्वतःच्या नावाची मुद्रा घातली. गोरा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार यांची नावे आजही त्यांच्या धंद्यासकट आपल्या तोंडी आहेत. नाव सांगूनही अहंकार सुटतो, हे त्यांनी दाखवले.

चाळीसगावातच छायाचित्रकार केकी मूस (1912-1989) अनेक दशके घराबाहेर जवळजवळ न पडता छायाचित्रण, चित्रकला आणि संगीतात रमले. ते प्रसिद्धीच्या मागे गेले नाहीत. त्यांचे घर मागे राहिलेल्यांनी संग्रहालय म्हणून जपले, म्हणून आज त्यांचे नाव आहे. कलावंताने नाव विसरणे ही त्याची साधना झाली. ते लक्षात ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि पहिल्याचा आधार घेऊन दुसरे टाळता येत नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा कोसळला आणि त्या दिवशी सारा महाराष्ट्र शिल्पकाराचे नाव विचारू लागला. नवा पुतळा घडवण्याचे काम सुतार आणि त्यांचे पुत्र अनिल यांच्याकडे आले. पुतळा पडल्यावर विचारले जाणारे नाव तो उभा असतानाही विचारले गेले पाहिजे.

पद्मश्री, पद्मभूषण, महाराष्ट्रभूषण हे सारे मान सुतारांना मिळाले. पण जळगाव-धुळ्याच्या चौकांतल्या पुतळ्यांच्या कोनशिला वाचा. अनावरण करणारे, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे यांची नावे ठळक सापडतील. शिल्पकाराचे नाव शोधावे लागेल. नगरपालिका आणि महापालिकांनी प्रत्येक पुतळ्याखाली घडवणाऱ्याचे नाव आणि गाव तितक्याच ठळक अक्षरांत कोरावे, आणि त्याची सुरुवात धुळ्याने करावी.