बदली सिस्टरच्या पाठीशी कोण?

शनिवारी सकाळी आठच्या सुमारास दार उघडतं आणि पहिला प्रश्न येतो, "तुम्ही बदली सिस्टर का?" आठवडाभर रुग्णालयात काम करून शनिवार-रविवार घरगुती शुश्रूषेची ड्यूटी धरणाऱ्या परिचारिकेचं मुंबई-पुण्यातलं स्वागत बहुधा असंच होतं. रोजची सिस्टर सुट्टीवर असते, डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद. तिला पाठवणाऱ्या नर्सिंग ब्युरोत फोन उचलणाऱ्यानं पेशंट पाहिलेला नसतो. समोर पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले आजोबा. नाकात अन्न देण्याची नळी (राइल्स ट्यूब), पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी.

'बदली' या शब्दातच घोटाळा आहे. दोन दिवसांची खिंड लढवायला कुणी तरी हवं, एवढाच त्याचा अर्थ घरचे घेतात. प्रत्यक्षात सगळ्यांत कमी माहितीवर सगळ्यांत जास्त निर्णय याच पाळीत घ्यावे लागतात.

नळीतून फीड द्यायचं एवढंच घ्या. आधी डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच हवी. वॉर्डात पलंगाचा दांडा फिरवला की झालं. इथे तीन उशा आणि घडी घातलेली गोधडी. मग नाकपुडीपाशी नळीवरची खूण पाहायची. नळी शुक्रवारी होती तिथेच आहे, की रात्रीच्या खोकल्यानं वर सरकली? सरकली असेल तर फीड फुफ्फुसात जाण्याचा धोका. पण शुक्रवारची खूण कुठेच लिहिलेली नाही. मुलगा म्हणतो, "रोज असंच तर देतात." वॉर्डात तिनं शेजारच्या सहकारिणीला हाक मारली असती. इथे फीड थांबवायचं की नाही, हे तिचं तिनंच ठरवायचं, तेही घरच्यांची नाराजी पत्करून.

हा एकटेपणा या कामाच्या जन्मापासूनचा आहे. १८५९ मध्ये लिव्हरपूलचे व्यापारी विल्यम रॅथबोन यांनी मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला शहरातल्या गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करण्यासाठी नेमलं. रॅथबोन यांच्या पत्नीच्या अखेरच्या आजारात तिनंच सेवा केली होती. करार तीन महिन्यांचा होता. महिनाभरात ती हताश होऊन परतली आणि मोकळं करण्याची विनवणी करू लागली. रॅथबोन यांनी समजूत घातल्यावर ती टिकली. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्यानं लिव्हरपूलमध्ये परिचारिकांचं प्रशिक्षण विद्यालय निघालं, शहराचे विभाग पडले, परिचारिकांवर देखरेख आणि साहित्याचा पुरवठा यांची सोय झाली. सोशिक बाई मिळाली म्हणून ही सेवा उभी राहिली नाही. बाईच्या मागे यंत्रणा उभी राहिली, म्हणून सेवा टिकली.

नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेल्या ब्युर्टझोर्ग या घरगुती शुश्रूषेच्या संस्थेत जास्तीत जास्त बाराजणींचा गट एका परिसराची जबाबदारी घेतो आणि पाळ्याही आपसांत ठरवतो. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी येणारीही त्याच गटातली असते.

आपल्याकडे जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली परिचारिका आणि काही दिवसांच्या तालमीवर आलेली केअरटेकर, या दोघींनाही घरात 'सिस्टर' म्हणतात. मग तिनं काय करायचं आणि कशाला नकार द्यायचा, हे ठरणार कसं? तिच्या सुरक्षिततेचंही तसंच. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानं घरालाही कामाची जागा मानलं आहे. घरच्यांना मात्र हे अजून पटलेलं नाही.

यावर खर्चाचा मुद्दा काढला जातो, आणि तो खोटा नाही. दीर्घकाळच्या घरगुती शुश्रूषेला विम्याचा आधार सहसा नसतो आणि कुटुंबं आधीच पिचलेली असतात. पण एकीनं दुसरीकडे पेशंट सोपवायला, म्हणजे हँडओव्हरला, लागतात वीस मिनिटं आणि एक वही. शुक्रवारी रोजच्या सिस्टरनं नळीची खूण, शेवटचं फीड, कुशी बदलल्याची वेळ, पाठीवरच्या लाल चट्ट्याचा आकार लिहून ठेवायचा. रविवारी फोन घेणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर पहिल्या पानावर हवा. त्या वीस मिनिटांचे पैसे ब्युरोनं दोघींना द्यायला हवेत. आज ती वेळ ड्यूटीत धरलीच जात नाही.

रविवारी रात्री आठला बदली सिस्टर निघते, तेव्हा सोमवारची सिस्टर यायला बारा तास असतात. मग ती सुनेलाच पलंगापाशी बोलावते. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकता कशी अडकवायची ते दाखवते, आणि चादर बदलताना पिशवी पलंगावर ठेवायची नाही, असं दोनदा बजावते. वही नाहीच. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती नळीची खूण लिहून ठेवते.