आपले म्हणावे असे

गेल्या दिवाळीतली गोष्ट. फराळाची ताटे उचलून झाली होती आणि माझी मुलगी कोपऱ्यात बसून एक जुने चित्रण पाहत होती. १९६९ च्या जानेवारीत लंडनमध्ये टिपलेले. चार तरुण गाण्याची तालीम करीत आहेत. त्यांतला एक गिटारवाला, दुपारच्या जेवणाची वेळ झाली असावी, मी आता मेळा सोडतो असे शांतपणे सांगतो आणि निघून जातो.

"बाबा, सगळ्या जगात गाजलेला मेळा. मग हा सोडून का गेला हो?"

मी जेमतेम मॅट्रिक झालेला मास्तर. इंग्रजी गाण्यांतले मला काय कळणार? पण 'चांगले चाललेले माणूस का सोडते' हा प्रश्न काही इंग्रजी नव्हता. तो माझ्या ओळखीचा होता. का, ते पुढे सांगतो.

त्या तरुणाचे नाव जॉर्ज हॅरिसन. लिव्हरपूलच्या एका बसवाल्याचा हा मुलगा बीटल्सच्या चौकडीत वयाने सर्वांत धाकटा. गाणी रचण्याचा मान लेनन आणि मॅकार्टनी या दोघांचा. याच्या वाट्याला एका तबकडीवर बहुधा एक-दोन जागा येत. थोरल्या भावांची बोलणी आटोपेपर्यंत धाकट्याने तोंड मिटून बसावे, तसे त्याचे झाले होते. जानेवारीत गेलेला तो काही दिवसांत परत आला खरा. पण १९७० च्या एप्रिलपर्यंत मेळाच मोडला. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याचा स्वतःचा संच निघाला, तो एक नव्हे, तीन तबकड्यांचा! त्यांतली काही गाणी चौघांच्या बैठकीत पूर्वी बाजूला ठेवली गेलेली होती. धरणाचे दार उघडावे आणि इतकी वर्षे अडलेले पाणी धो धो वाहावे, तसे ते झाले.

इथपर्यंतची कथा ऐकून आपल्याला बरे वाटते. दबलेला माणूस बाहेर पडला, त्याला स्वतःचा सूर सापडला, जगाने टाळ्या वाजवल्या. आपल्या कादंबऱ्या बहुधा येथेच संपतात. माझीही एक संपली आहे. पण आयुष्याला प्रकाशक नसतो. ते पुढची पाने लिहीतच राहते.

त्या संचातले सर्वांत गाजलेले गाणे देवाला आळवणारे होते. त्यात हालेलुया होते, हरे कृष्ण होते, आपण शाळेत म्हणतो तो गुरुवंदनेचा श्लोकही होता. इंग्लंड-अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेले, आणि लवकरच त्यावर दावा लागला. ही चाल १९६३ साली अमेरिकेत गाजलेल्या मुलींच्या एका मेळ्याच्या गाण्याची आहे, असे त्या गाण्याच्या मालकांचे म्हणणे. १९७६ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात हॅरिसनने गिटार हाती घेऊन आपण गाणे कसे बांधले ते दाखवले. न्यायाधीश रिचर्ड ओवेन हे स्वतः संगीत रचणारे गृहस्थ. त्यांनी निकाल दिला तो मोठा विलक्षण. या माणसाने जाणूनबुजून चोरी केलेली नाही. पण ती चाल त्याच्या मनाच्या तळाशी होती, तिथून ती नकळत वर आली, म्हणून तो कायद्याने जबाबदार आहे.

माझ्या मनात हा निकाल किती दिवस घोळत होता! जे मी केले हे मलाच ठाऊक नाही, त्याचा दोष माझा कसा? पण दुसऱ्या बाजूने पाहावे तर, ज्याची चाल गेली त्याला माझ्या मनाचा तळ घेऊन काय करायचे आहे? त्याची वस्तू माझ्या घरात सापडली, एवढे त्याला पुरे. आणि दैवाची थट्टा अशी, की चौघांतून जो 'माझे, माझे' म्हणून बाहेर पडला, त्याच्या डोक्यावरच्या मानाच्या तुऱ्यावरच दुसऱ्याचे नाव निघाले.

आता माझी गोष्ट. आम्ही तिघे मास्तर मिळून वर्षानुवर्षे एक हस्तलिखित काढत असू. माझ्या कथेला नेहमी शेवटची दोन पाने. एका वर्षी मी रागाने पिशवी उचलली आणि निघून आलो, तो परत गेलो नाही. पुढे माझी पहिली कादंबरी छापून आली. तीत एक म्हातारी आहे. अंगणातली विहीर आटली, तिलाही तहान लागत असेल, म्हणून ती रोज संध्याकाळी तिच्यात कळशीभर पाणी ओतते. वाचकांनी सर्वांत अधिक पत्रे त्या म्हातारीबद्दल लिहिली. मला ती माझी मानसकन्याच वाटे.

वर्षभराने त्या दोघांपैकी एकाच्या घरी लग्नकार्यानिमित्त गेलो होतो. वहिनी चहा देताना सहज म्हणाल्या, "भावोजी, आमच्या सासूबाईंच्या आईची गोष्ट फार छान उतरली हो पुस्तकात."

आरोप नव्हता त्यात, कौतुकच होते. मित्र मात्र मान खाली घालून बशीतल्या चहाकडे पाहत राहिला. आणि मला एकदम आठवले: पावसाळी रात्र, हस्तलिखिताचे काम आटोपून घरी परतताना त्याने सांगितलेली आजोळची हकिकत. मी ती चोरली नव्हती. मी ती विसरलो होतो. आणि विसरल्यावर ती माझी झाली होती.

हॅरिसनच्या पुढच्या आयुष्याकडे मी ओढला गेलो तो यामुळेच. हा माणूस उधारी मान्य करायला कधी लाजला नाही. रविशंकरांपाशी सतार शिकायला तो १९६६ साली मुंबईस आला. १९६८ च्या जानेवारीत पुन्हा येऊन शिवकुमार शर्मांसारख्या आपल्या वादकांना घेऊन त्याने येथेच ध्वनिमुद्रण केले. रविशंकरांनी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी काही करू या म्हणताच १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कला दोन प्रयोग झाले. सुमारे चाळीस हजार माणसे जमली, आणि त्याने आधी गुरूला व्यासपीठावर बसवले. तिकिटांचे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. तबकडीचे पैसे मात्र करांच्या घोळात वर्षानुवर्षे अडकले. १९७४ च्या दौऱ्यात त्याचा घसा बसला, टीकाकारांनी झोडपले. त्या दौऱ्यातही रविशंकर आणि त्यांचे साथीदार त्याच्याबरोबर होतेच.

आणि १९८८ साली काय केले? बॉब डिलन, रॉय ऑर्बिसन, टॉम पेटी आणि जेफ लिन यांना जमवून पुन्हा एक मेळाच काढला! तबकडीवर पाचही जणांनी खोटी नावे घेतली. एका काल्पनिक घराण्याचे आपण भाऊ असे भासवले. ज्याने आपल्या नावाला जागा मिळावी म्हणून घर सोडले, तोच नाव पुसून पुन्हा पंगतीत जाऊन बसला. २००१ च्या नोव्हेंबरात तो गेला.

मग तो मुळात बाहेर पडला हे चुकले का? मला तसे वाटत नाही. न पडता तर ती तीन तबकड्यांची गाणी मनातच कुजली असती आणि माणूस कडवट झाला असता. मीही न उठतो तर कादंबरी झाली नसती. धाकट्याने कधीतरी वेगळी चूल मांडावीच. मात्र चुलीतला विस्तव कुठल्या घरून आणला हे विसरू नये. विसरला आणि कुणी आठवण करून दिली, तर भांडत बसू नये. आपले म्हणावे असे माणसापाशी निखळ काय असते? मला वाटते, ऋण कबूल करणे तेवढे आपले असते. ते दुसरा कोणी आपल्यासाठी करू शकत नाही.

मुलीला मी एवढे सगळे सांगितले नाही. "त्याची गाणी मागे पडत होती म्हणून गेला," एवढेच म्हणालो.

पण दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी पहिल्याच पानावर मी छापून घेतले, की ही विहीर आणि ही म्हातारी माझ्या मित्राच्या आजोळची आहे. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी प्रत घेऊन त्याच्याकडे गेलो. त्याने चष्मा लावून ते पान दोनदा वाचले. बराच वेळ काही बोलला नाही.

"मास्तर," शेवटी म्हणाला, "कळशी नव्हती ती. तांब्या होता. म्हातारीला कळशी कुठली उचलवते?"

तिसरी आवृत्ती निघाली, तर तांब्या करणार आहे.