पाहिलं, म्हणजे नेमकं काय केलं?

'पाहिलं' हे मराठी भाषेतलं सगळ्यात स्वस्त क्रियापद असावं. 'खाल्लं' म्हणायचं तर निदान पोटात काहीतरी जावं लागतं. 'वाचलं' म्हणायचं तर समोरचा पुढचा प्रश्न विचारील ही धास्ती असते. 'पाहिलं'ला मात्र ना तारण लागतं, ना जामीन. गाडी लोणावळ्याच्या स्टेशनात चार मिनिटं थांबते, माणूस खिडकीतून चिक्की घेतो आणि घरी येऊन सांगतो, "लोणावळा पाहिलं." त्यावर कुणी हरकत घेत नाही, कारण हरकत घेणाऱ्यानं महाबळेश्वर एसटीच्या खिडकीतून पाहिलेलं असतं.

एरवी हा प्रश्न मला पडलाही नसता. बँकेतल्या कारकुनाला तत्त्वज्ञान परवडत नाही. संध्याकाळी कॅश जुळेपर्यंत जगात दुसरं सत्य नसतं आणि जुळल्यावर घरी जायची घाई असते. पण लग्नाला वीस वर्षं झाल्याच्या निमित्तानं मी आणि सौ. इटलीला जाऊन आलो. त्यातला एक दिवस आम्ही फ्लॉरेन्सहून 'एका दिवसात तीन ऐतिहासिक गावं, सोबत जाणकार गाईड, फक्त आठ प्रवासी' अशा सहलीला दिला. सिएना, सान जिमिन्यानो आणि पिसा. तेव्हापासून हा प्रश्न न वटलेल्या चेकासारखा खिशात घेऊन हिंडतो आहे.

'फक्त आठ प्रवासी' या शब्दांची जादू सांगतो. पन्नास माणसांच्या बसमधून गेलं की माणूस 'टूरिस्ट' होतो. आठ जणांच्या गाडीतून गेलं की तोच माणूस स्वतःला रसिक समजू लागतो. त्यासाठी तो पैसेही जास्त मोजतो. आमच्या गाडीत आम्ही दोघं, एक ऑस्ट्रेलियन जोडपं, ब्राझीलच्या दोन बहिणी, कॅनडातल्या एक निवृत्त शिक्षिका आणि कोरियाचा एक तरुण होता. सिएनाच्या वेशीशी एका मोठ्या बसमधून टोप्या घातलेली माणसं उतरताना दिसली, तेव्हा आम्ही आठही जणांनी एकमेकांकडे पाहून 'काय ही गर्दी!' अशा अर्थानं मान हलवली. अशा आठ-आठ रसिकांच्या दहा-बारा गाड्या त्याच वेशीशी उभ्या होत्या, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

आता हिशेब. मी कॉमर्सचा पदवीधर आहे, त्यामुळे भावना व्यक्त करण्याआधी मला आकडे मांडावे लागतात. सकाळी आठला निघून रात्री आठला परत, म्हणजे एकूण ७२० मिनिटं. त्यातून प्रवासाची वजा २९०. जेवणाची ७५. कॉफी आणि तदनुषंगिक विधींची ५०. हरवलेल्या माणसाची वाट पाहण्याची ३५. (हा माणूस पुढे येणार आहे.) शिल्लक २७०. सिएनाच्या खाती १३०, सान जिमिन्यानोच्या ८० आणि पिसाच्या ६०. त्यातून फोटोंचा घसारा किमान ९० मिनिटं धरा. तीन गावांची मिळून जवळजवळ दोन हजार वर्षांची कर्तबगारी आम्ही तीन तासांत उरकली.

आमच्या इमारतीत एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांच्या मते याला पाहणं म्हणतच नाहीत. "गाव पाहायचं तर सहा महिने राहावं लागतं," ते म्हणाले, "सकाळची दूधवाल्याची हाक ऐकावी लागते." विचार भारदस्त आहे, पण मुदतीवर पाहणं अवलंबून असतं, तर जन्मभर गावात राहणाऱ्यानं ते सगळ्यात जास्त पाहिलेलं असायला हवं. प्रत्यक्षात पुण्यात जन्म काढलेली कितीतरी माणसं शनिवारवाड्यात शेवटची गेली ती चौथीतल्या सहलीला. वाड्यावरून रोज जातात, पण नजर सिग्नलवर असते. मुदत ठेव जितकी लांब तितकं व्याज जास्त, हा नियम डोळ्यांना लागू नाही.

मग पाहणं मोजायचं कशानं? माहितीनं? माहिती आम्हांला भरपूर मिळाली. आमची गाईड मुलगी तिशीतली, चालता चालता मागे वळून बोलायची आणि कधीही खांबावर आदळायची नाही. तिनं सांगितलं की सिएनाच्या कॅथीड्रलचा प्रचंड विस्तार करायचं १३३९ मध्ये ठरलं. तो असा, की तेव्हा उभं असलेलं मोठं चर्च नव्या चर्चची नुसती आडवी बाजू ठरावं. काम सुरू झालं आणि १३४८ मध्ये प्लेग आला. गावातली माणसं इतकी मेली, की पुढे बांधायचं कुणी आणि कुणासाठी, हाच प्रश्न उरला. त्या नियोजित चर्चची एक उंच, एकटी भिंत आजही उभी आहे. लोक तिकीट काढून तिच्यावर चढतात आणि खालच्या गावाचे फोटो काढतात.

सान जिमिन्यानोची गोष्ट याच वळणाची. रोमकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जुन्या वाटेवरचं हे गाव, केशराच्या व्यापारावर गबर झालेलं. शेजाऱ्याचा मनोरा आपल्यापेक्षा उंच होतो म्हणजे काय, या एका मुद्द्यावर तिथल्या घराण्यांनी सत्तरहून अधिक मनोरे उभारले असं सांगतात. इथेही १३४८ चा प्लेग आला. १३५३ मध्ये गाव फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं आणि पैशाचा ओघ आटला. इतर शहरांतल्या श्रीमंतांनी जुने मनोरे पाडून नवे वाडे बांधले. इथं पाडायलाही पैसे नव्हते. म्हणून १४ मनोरे उरले, आणि १९९० मध्ये ते गाव जागतिक वारशात गेलं.

पिसाबद्दल तर बोलायलाच नको. ११७३ मध्ये काम सुरू झालं, खाली जमीन भुसभुशीत आणि तीन मजले होतात न होतात तोच मनोरा कलला. १९९० मध्ये तो लोकांसाठी बंद करून इंजिनिअरांनी अकरा-बारा वर्षं खपून, उंच बाजूखालची माती थोडी थोडी काढून, त्याचा कल सुमारे अर्ध्या अंशानं कमी केला. पूर्ण सरळ मात्र केला नाही. सरळ मनोरा पाहायला पिसाला कोण जाईल?

म्हणजे दिवसभरात आम्ही पाहिलं काय? एक अपुरी भिंत, एक पैशाअभावी न सुधारलेलं गाव आणि एक चुकलेला पाया. तीन बुडीत कर्जं, आणि तिन्हींवर सहाशे वर्षांनंतर व्याज चालू! हे ऐकताना मी मान डोलावत होतो. पण एका प्लेगमध्ये गावच्या गाव ओस पडलं, हे वाक्य ऐकल्यावर आमच्यापैकी कुणाचंही आईस्क्रीम क्षणभरसुद्धा थांबलं नाही. माहिती होती, आकडे अचूक होते, आणि तरी मी काही 'पाहिलं' असं शपथेवर सांगवत नाही.

आता त्या ३५ मिनिटांविषयी. सान जिमिन्यानोत परत गाडीशी जमायची वेळ झाली, तर ऑस्ट्रेलियन गृहस्थ बेपत्ता. त्यांच्या पत्नी कपाळाला हात लावून बसल्या, गाईड पळत गेली. साहेब कुठे सापडले? गावाच्या मधल्या चौकात जुनी विहीर आहे, तिच्या पायरीवर. मनोऱ्यांवरून ऊन कसं सरकतं ते पाहत बसलो होतो, म्हणाले, वेळेचं भान राहिलं नाही. मनोरे किती, कुणी बांधले, काही त्यांना सांगता आलं नसतं. पण आठ जणांत ते गाव खऱ्या अर्थानं कुणी पाहिलं असेल तर त्यांनीच, असं मला तेव्हाही वाटलं. मात्र त्यांच्या तंद्रीची ३५ मिनिटं उरलेल्या सात जणांच्या पिसातून वजा झाली. सात गुणिले पस्तीस, म्हणजे २४५ मिनिटं. एकाच्या समाधीचा खर्च इतरांच्या खाती टाकावा का, हा नीतिशास्त्राचा प्रश्न आहे. कोरियन तरुणानं तो कोरियन भाषेत विचारला असावा. सूर तसा होता.

यापेक्षा अवघड प्रश्न सिएनाच्या एका बोळात भेटला. बोळ अरुंद, आम्ही आठ जण गाईडभोवती अर्धवर्तुळ करून उभे. मागून एक म्हातारी बाई आली, हातात भाजीची पिशवी. तिला आमच्या पलीकडच्या दारात शिरायचं होतं. आम्ही बाजूला झालो. ती काही बोलली नाही, रागावलीही नाही. पाहुणे गेल्यावर घर आवरायचं असतं, त्या वेळी घरच्या बाईच्या चेहऱ्यावर जसा थकवा असतो, तसं तिनं आमच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. दिवसभर आम्ही पाहत होतो. आम्हांला कुणी पाहिलं ते एवढंच.

व्हेनिसनं २०२४ मध्ये, गर्दीच्या ठरावीक दिवशी, नुसत्या दिवसापुरतं येणाऱ्यांवर पाच युरोंचा कर बसवला. त्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख माणसं राहत होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. पाच युरोंनी त्या बाईसारख्यांचा दरवाजा मोकळा होतो का, ते मला ठाऊक नाही. पण बघण्यालाही किंमत असते आणि ती बघणाऱ्याशिवाय दुसरंच कुणीतरी भरत असतं, एवढं त्यातून नक्की कळतं.

सिएनात आम्हांला चाळीस मिनिटं मोकळी मिळाली. सगळे दुकानांकडे पांगले. मी सौ.ला म्हणालो, "चल, बँक बघू." ती म्हणाली, "अहो, सात समुद्र ओलांडून येऊन बँकच?" पण आली. चौकापासून 'बांकी दि सोप्रा' नावाच्या रस्त्यानं गेलं की एक पुतळ्याचा छोटा चौक लागतो. तिथे मोंते दै पास्की दि सिएना या बँकेची कचेरी आहे. १४७२ साली गोरगरिबांना माफक व्याजानं कर्ज द्यायला गावानं ती काढली. शिवाजी महाराजांच्या जन्माआधी १५८ वर्षं! अजून चालू असलेली जगातली सगळ्यात जुनी बँक ती हीच. 'पास्की' म्हणजे कुरणं. १६२४ मध्ये सरकारी कुरणांच्या उत्पन्नाची हमी मिळाली म्हणून ते नाव. बँक आणि चरायला कुरण हा संबंध आपल्याकडेच आहे असं मी समजत होतो. २०१७ मध्ये तर तिला वाचवायला सरकारला आपला पैसा घालावा लागला. हेही ओळखीचंच.

मी दारासमोर उभा राहिलो. 'बँक' हा शब्दच मुळी 'बांको'वरून, म्हणजे सराफांच्या बाकड्यावरून आला. आणि त्या बाकड्यामागे साडेपाचशे वर्षांपूर्वी कुणीतरी कारकून बसला असेल. त्याचीही संध्याकाळी कॅश जुळत नसेल. पुढे उभ्या असलेल्या बाईनं गहाण ठेवायला आणलेली चीज तोलताना तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, हे त्याला पहिल्या महिन्यातच कुणा जुन्या माणसानं शिकवलं असेल. मला शिकवलं होतं. सोनंतारणाच्या काउंटरवर चार वर्षं काढलीत मी. अकरा मिनिटं उभा होतो, सौ.नं घड्याळ लावून सांगितलं. गाईड नव्हती, फोटो काढला नाही, आणि आतही गेलो नाही. पण त्या दिवसाच्या ७२० मिनिटांपैकी ती अकरा मी कुणापुढेही 'पाहिलं' म्हणून सही करून देईन.

पंढरपूरला माणसं तीन आठवडे पायी जातात आणि गर्दीत आत शिरता आलं नाही तर कळसाला हात जोडून परत फिरतात. त्यांना कुणी 'किती मिनिटं पाहिलंत?' असं विचारत नाही. ते पाहणं क्षणाचं, पण मागे अडीचशे किलोमीटरची चाल जमा असते. आम्ही एसी गाडीतून गेलो. आमच्या जमेला चाल नव्हती. माझ्या जमेला त्या एका दारापुरती काउंटरवरची वर्षं होती, म्हणून तिथं काही दिसलं. बाकी ठिकाणी नावे बाजू भरलेली आणि जमेची कोरी. नावे तितकं जमा, हे दुहेरी नोंदीचं शास्त्र १४९४ मध्ये व्हेनिसात छापून ज्यानं जगाला समजावलं, तो लूका पाचोली याच तोस्कानाचा, आणि पुन्हा निष्कांचन राहण्याची शपथ घेतलेला फ्रान्सिस्कन साधू! त्याच्या मुलुखात अशी एकांगी नोंद करून आल्याची मला कारकून म्हणून लाज वाटते.

आता 'पाहिलं का?' असं विचारलं तर म्हणायचं काय? 'नाही' म्हटलं तर वीस वर्षांच्या बचतीचा अपमान. 'हो' म्हटलं तर ती भाजीची पिशवी डोळ्यांपुढे येते. सुदैवानं आमच्या धंद्यात याची सोय आहे. जी रक्कम आली खरी, पण कुठल्या खाती टाकायची ते कळत नाही, ती तूर्त सस्पेन्स अकाउंटला ठेवतात. मराठीत त्याला 'उचंत खातं' म्हणतात. मात्र ती तिथं कायमची ठेवता येत नाही. कधीतरी चौकशी करून, कागद धुंडाळून, ती खऱ्या धन्याच्या नावे लावावीच लागते. मी सिएनावरचं एक पुस्तक आणलं आहे, रोज चार पानं वाचतो. प्लेगच्या प्रकरणाशी आलो की सावकाश वाचतो.

परवा काउंटरवर आमचे एक जुने खातेदार म्हणाले, "काय साहेब, इटली पाहून आलात म्हणे?"

मी म्हटलं, "गेलो होतो. सध्या उचंत खात्यात आहे."

ते जरा पुढे वाकले आणि हळूच विचारलं, "त्याला व्याज किती देता?"