रुजू होण्यापूर्वी

सरकारी नोकरीत बदलीचा हुकूम हाती पडला, की प्रवासाचा प्रश्न नियमांनीच सुटतो. कोणत्या वर्गाने जावयाचे, भत्ता किती मिळावयाचा, रुजू होण्यास किती दिवसांची मुदत, हे सारे ठरलेले असते. महाराष्ट्राबाहेर नोकरी केलेल्या आम्हां लोकांच्या हे इतके अंगवळणी पडते, की प्रवासाच्या रीतीलाही काही नैतिक मोल असू शकेल, हा विचार सहसा मनास शिवत नाही. निवृत्तीनंतर नेपाळातील एका डोंगरी शाळेत काही महिने विनावेतन गणित शिकविण्याचे आम्ही पत्करले, तेव्हा तो प्रथमच आमच्यापुढे उभा राहिला. या खेपेस हुकूम देणारे आम्हीच होतो आणि पाळणारेही आम्हीच.

दिल्लीहून काठमांडूस विमान सुमारे दोन तासांत पोहोचते. शाळा सुरू होण्यास आठवड्याचा अवकाश होता. आम्ही आगगाडीची व बसची वाट धरली. तिला तीन दिवस लागले. ‘सेवेलाच निघालात, तर वेळ का दवडता?’ असे एका स्नेह्यांनी विचारले. प्रश्न अवाजवी नव्हता.

‘विमानाचा धूर टळतो’, हे उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. ज्या शिखरांचे बर्फ वाढत्या उष्णतेने झिजत आहे, त्यांच्याच पायथ्याशी सेवेस जाताना त्या उष्णतेत आपण भर घालू नये, हे खरे. पण एका म्हाताऱ्याने आसन रिकामे ठेवल्याने विमान उडावयाचे राहत नाही, हेही तितकेच खरे. त्या उत्तराने आमचे पुरते समाधान झाले नाही. दुसरे उत्तर वाटेवर मिळाले.

रक्सौलची गाडी चंपारणातून जाते. बेतिया मागे पडले, सुगौली आले. भारत व नेपाळ यांच्या सीमेचा पाया ज्या तहाने घातला आणि जो १८१६ साली कायम झाला, तो याच गावचा. रक्सौलला उतरून टांग्याने सीमा ओलांडली, वीरगंज आले, आणि घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे लागले. पाट्यांची लिपी आपलीच. त्यामुळे अक्षर न् अक्षर वाचता येई, अर्थ मात्र निम्माच लागे. ज्यांनी आयुष्यभर इतरांना नियम समजावून सांगितले, ते आम्ही आता तिकिटापासून पाण्यापर्यंत प्रत्येक गोष्ट दुसऱ्यास विचारीत होतो.

पुढे त्रिभुवन राजपथाने जाणारी बस आम्ही मुद्दाम निवडली. भारताच्या साहाय्याने हा रस्ता १९५६ साली तयार झाला. त्यापूर्वी भीमफेदीच्या पुढे मोटारीची वाट नव्हती. काठमांडूच्या श्रीमंतांच्या मोटारी हमालांच्या खांद्यांवरून डोंगरापार नेल्या जात. सिमभंज्याङचा घाट जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीचा आहे. त्याच्या वळणांवर आमचे पोट ढवळून आले. शेजारच्या बाईंनी हातावर लिंबू ठेवले, एका तरुणाने खिडकीची जागा दिली. उपकार करावयास निघालेले आम्ही पोहोचण्यापूर्वीच उपकृत झालो होतो.

तो तरुण दिल्लीत एका वसाहतीच्या फाटकावर पहारा करीत असे आणि दोन वर्षांनी घरी चालला होता. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला परवान्याची अडचण नव्हती. अडचण होती ती रजेची आणि पैशाची. ‘साहेब, विमानाचे पैसे असून बसने का आलात?’ त्याने विचारले. आम्हांस उत्तर देता येईना. ज्या कष्टांना आम्ही मनातल्या मनात व्रत म्हणत होतो, तो त्याचा नेहमीचा रस्ता होता. आपखुशीने पत्करलेली गैरसोय ही सुखवस्तूंची चैनच होय. पोटासाठी घरापासून दूर राहणे आम्हांसही ठाऊक होते. पण आमच्या पाठीशी भत्ता होता, निवृत्तिवेतन होते.

तेव्हा संथ प्रवास हे काही पुण्य नव्हे. कित्येकदा तो अपराधही ठरेल. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात नेपाळात सुमारे नऊ हजार माणसे दगावली; तेथील जखमींसाठी निघालेल्या शल्यवैद्याने बसची हौस करणे अक्षम्यच. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर ज्या वैद्यकीय पथकात होते, ते १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून चीनला निघाले आणि १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. ते महिने त्यांनी आपणहून लांबविले नव्हते, आणि वाया तर मुळीच घालविले नाहीत. वाटेवरच्या रुग्णालयांत ते जखमींची शुश्रूषा करीत गेले.

म्हणून आम्हांस वाटते, की प्रश्न वाहनाचा नसून, वेळ कोणाचा खर्च होतो, हा आहे. तो दुःखिताचा असेल, तर त्यातील घटकाही दवडण्याचा अधिकार आपणांस नाही. तो आपलाच असेल, तर मात्र वाटेवर खुशाल खर्चावा; कारण देणाऱ्यास घेण्याचीही सवय असावी लागते, आणि ती अनोळखी माणसांच्या आधाराने चालल्यावाचून लागत नाही.

दिल्लीस परतल्यावर आमच्या वसाहतीच्या फाटकाशी आम्ही थांबलो. तेथील पहारेकऱ्याला अकरा वर्षे आम्ही ‘बहादुर’ अशी हाक मारीत आलो होतो. त्याचे नाव ते नव्हते. गाव विचारले, तेव्हा तेथे जाण्यास कोठे कोठे बस बदलावी लागते, हे तो सविस्तर सांगू लागला. आम्ही सामान खाली ठेवून ऐकत राहिलो.