लाखाचा चरखा
साधन घडवताना ते चालवणाऱ्याचा विचार कुठवर करायचा, हा यंत्ररचनेतला मुळातच नीतीचा प्रश्न आहे. महात्मा गांधींनी तो व्यवहारात आणला. १९२९ मध्ये त्यांच्या अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी १ लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी काटेकोर होत्या: ८ तासांत १६,००० वार सूत निघावे, किंमत १५० रुपयांवर जाऊ नये, चरखा २० वर्षे टिकावा आणि खेड्यातल्या बाईला तो फार न दमता सलग ८ तास चालवता यावा. यातली शेवटची अट सर्वांत मोलाची. सूत भरपूर हवेच, पण कातणारीची पाठ मोडून नव्हे. गांधींचा यंत्रांना सरसकट विरोध होता, हा समज या जाहिरातीपुढे टिकत नाही. शिवणयंत्राचे तर ते कौतुकच करत. पुढे येरवडा तुरुंगात त्यांनी स्वतः पेटीचरख्याच्या सुधारणेवर मेहनत घेतली. झाकण मिटले की तो चरखा हातात धरून प्रवासात नेता येई. जो रोज काततो त्यानेच साधनातल्या उणिवा शोधाव्यात, ही त्यांची निष्ठा त्यातून दिसते. लाखाचे बक्षीस मात्र कोणालाच मिळाले नाही.