किती, कोणत्या वयात, कुणी?

भांग प्यायल्यावर पहिला तासभर फारसे काही होत नाही, आणि घात होतो तो याच तासात. थंडाईचा एक पेला पोटात जातो, अर्धा तास उलटतो, डोके अजून जागेवर असते. ‘चढलीच नाही’ म्हणत दुसरा पेला उचलला जातो. आग्रह करणारे भोवती असतील तर तिसराही. मग दोन तासांनी सगळे एकदम अंगावर येते. छाती धडधडू लागते, तोंडाला कोरड पडते, घड्याळाचा काटा हलतच नाही असे वाटते आणि आपण आता मरणार याची माणसाला खात्री पटते.

यामागचे शरीरशास्त्र सोपे आहे. गांजा, चरस, भांग या एकाच झाडाच्या तीन वस्तू आणि तिन्हींमधले मुख्य नशाकारी द्रव्य एकच, टीएचसी. धूर ओढला की ते फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही मिनिटांत पोचते. खाल्ले किंवा प्यायले तर आधी आतडी, मग यकृत असा लांबचा रस्ता असतो आणि यकृतात त्याचे जे रूपांतर होते तेही मेंदूवर तितक्याच जोराने काम करते. असर जाणवायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात, कळस गाठायला दोन ते चार तास आणि पुरते उतरायला सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात २०१४ मध्ये गांजाची कायदेशीर विक्री सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये १९ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने गांजा घातलेले बिस्कीट खाल्ले. त्यात ६५ मिलिग्रॅम टीएचसी होते, म्हणजे तिथल्या हिशेबाने सहाहून अधिक जणांचा वाटा. विक्रेत्याने तुकडे करून खायला सांगितले होते. त्याने एक तुकडा खाल्ला, थोडा वेळ वाट पाहिली, काही जाणवेना म्हणून उरलेले सगळे संपवले. काही तासांत तो भ्रमिष्टासारखा वागू लागला आणि चौथ्या मजल्यावरून उडी मारून गेला. त्यानंतर तिथे १० मिलिग्रॅमचा प्रत्येक वाटा वेगळा ओळखता आला पाहिजे असे बंधन उत्पादकांवर आले. आपल्याकडे भांगेच्या पेल्यात किती मिलिग्रॅम आहे हे देणाऱ्याला माहीत नसते आणि घेणाराही विचारत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएसने, शेंड्यांशिवायची पाने गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवली. त्यामुळे काही राज्यांत भांग परवान्यावर विकली जाते. मापाचा विचार मात्र कुणीच केलेला नाही.

मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे की गांजाचे नुकसान ‘गांजा’ या नावात नसते. ते किती घेतला, कोणत्या वयात घेतला, कुणी घेतला आणि कसा घेतला यावर ठरते. ही माहिती घेणाऱ्याच्या हाती देणे हे आपले कर्तव्य आहे आणि ते आपण पार पाडत नाही. एका बाजूला ‘शंकराचा प्रसाद आहे, नैसर्गिक आहे’ म्हणणारे लोक आहेत. धोतराही नैसर्गिकच आहे. दुसऱ्या बाजूला ‘एक झुरका आणि आयुष्य बरबाद’ असे सांगणारी पोस्टर्स आहेत. ज्या मुलाने वसतिगृहाच्या गच्चीवर चार मित्रांबरोबर ओढले आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला गेला, त्याच्या लेखी ते पोस्टर खोटे ठरते. मग त्याच पोस्टरवरच्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास राहत नाही.

नावाऐवजी प्रमाण पाहावे ही दृष्टी आपल्याच देशात सव्वाशे वर्षांपूर्वी मांडली गेली होती. गांजाने हिंदुस्थानातली वेड्यांची इस्पितळे भरत आहेत अशी ओरड झाली, तेव्हा १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले. त्याने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि दुसऱ्या वर्षी सात खंडांचा अहवाल दिला. आयोगाचे सर्वांत मोलाचे काम इस्पितळांच्या नोंदवह्यांतले आहे. १८९२ साली दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे गांजा हे कारण लिहिले होते. आयोगाने एकेक प्रकरण पुन्हा तपासले, तेव्हा गांजाचा संबंध मानता येईल असे ९८ उरले आणि निव्वळ गांजामुळे असे ६१. अनेकदा नोंद करणाऱ्यापुढे दुसरे कारण नसे, म्हणून ‘गांजा’ लिहिले जाई. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

गांजाचे समर्थक हा अहवाल आजही पुढे करतात, पण अर्धाच. ९८ आणि ६१ हे आकडे शून्य नाहीत. शिवाय तेव्हाचा माल आणि आजचा माल एक नाही. अमेरिकेत जप्त होणाऱ्या गांजातले टीएचसीचे प्रमाण १९९५ च्या सुमारास ४ टक्के होते, वीस वर्षांत ते १२ टक्क्यांवर गेले. थायलंडने जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला आणि त्यानंतर बँकॉकहून येणारा ‘हायड्रो’, म्हणजे दिव्यांखाली मातीविना वाढवलेला जोरदार गांजा, मुंबई विमानतळावर पुन्हा पुन्हा पकडला जाऊ लागला. जो पोहोचतो तो शहरातल्या मुलांपर्यंत पोहोचतो, आणि त्यांच्या मनात मात्र माप गावच्या यात्रेतल्या चिलमीचेच असते.

मानसिक आजाराच्या प्रश्नावर आता पुष्कळ स्पष्टता आली आहे. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या सुमारे ४५ हजार तरुणांचा पंधरा वर्षे मागोवा घेतला गेला. १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: भरतीपर्यंत ५० हून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सहापट होते. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणांच्या अभ्यासात, १० टक्क्यांहून जास्त टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचे भान सुटण्याची, शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट आढळली. ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हेही तितकेच खरे. मग होतो कुणाला? लवकर सुरू करणाऱ्यांना, रोज घेणाऱ्यांना, जोरदार माल घेणाऱ्यांना आणि ज्यांच्या घराण्यात हा आजार आहे त्यांना.

इथे आपल्या घरांचा एक दोष आड येतो. मराठी कुटुंबांत काकाचा ‘डोक्याचा आजार’, आत्याची माहेरी काढलेली वर्षे, आजीला ‘होत असलेला त्रास’ या गोष्टी मुलांपासून लपवल्या जातात. कारण उघड असते: स्थळे येणार नाहीत. त्या गुप्ततेची किंमत पुढची पिढी मोजते. हॉस्टेलमध्ये चौघांच्या हातातून फिरणारी कांडी तिघांना संध्याकाळपुरती धुंदी देते आणि चौथ्याला महिनाभर झोपू देत नाही. तो कुणीतरी पाठलाग करते आहे म्हणतो, टीव्हीवरचा माणूस आपल्याशीच बोलतो असे त्याला वाटते. त्याच्या सख्ख्या काकांना हाच आजार होता हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते. आणि मग घरचे आधी देवऋषी गाठतात, मानसोपचारतज्ज्ञाकडे काही महिन्यांनी येतात. या आजारात उपचाराला जितका उशीर तितके सावरणे अवघड. ज्यांच्या जवळच्या नात्यात स्किझोफ्रेनिया किंवा सायकोसिस आहे, त्यांनी गांजा-भांगेच्या वाटेला अजिबात जाऊ नये. इथे माफक प्रमाणाची भाषा मला मान्य नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनाही हेच लागू.

वयाचे तसेच. मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालते. घेणाऱ्यांपैकी साधारण दहातल्या एकाला सवय जडते, पण किशोरवयात सुरू करणाऱ्यांमध्ये सहातल्या एकाला. म्हणून ‘आता नको’ हे मुलांना सांगण्यासारखे सर्वांत प्रामाणिक वाक्य आहे. ‘कधीच नको’ ऐकून ज्यांनी पाठ फिरवली, त्यांच्याही ते कानावर पडू शकते.

कॅनडात कायदेशीर विक्री २०१८ मध्ये सुरू झाली, पण गांजाचा धोका कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासकांनी २०११ मध्येच लिहिली होती आणि पुढे सुधारली. त्यांचे पहिले म्हणणे असे की धोका पूर्ण टाळायचा तर घेऊच नये. ज्यांना हे मान्य नाही त्यांच्यासाठी पुढचे: उशिरा सुरू करा, कमी टीएचसीचा माल घ्या, रोज घेऊ नका, धूर छातीत खोल ओढून रोखून धरू नका, घेतल्यावर सहा तास तरी वाहन चालवू नका. खाल्ले-प्यायले असेल तर मी म्हणेन, त्या दिवशी गाडीची चावी दुसऱ्याकडे द्या. आपल्याकडे यात तंबाखूची भर पडते. कांडीत आणि चिलमीत गांजा बहुधा तंबाखूत कालवलेला असतो. माणसाला वाटते आपण गांजा सोडू शकत नाही, प्रत्यक्षात अर्धी ओढ निकोटिनची असते. हे ओळखले तर सोडण्याची लढाई सोपी होते. दारूबरोबर घेणे हा दुसरा प्रकार. त्यात दोन्हींचा असर वाढतो आणि वांती होऊन माणूस बेशुद्धीत गुदमरू शकतो.

जास्त झाली तर काय करावे? शांत खोली, थोडे पाणी, जवळ एक शुद्धीवरचा माणूस आणि ‘हे काही तासांत उतरेल’ असा धीर. लिंबू, लोणचे, ताक यांनी नशा उतरते यावर विसंबू नये. छातीत दुखणे, आकडी, हाक मारून न उठणे यांपैकी काही दिसले तर थेट रुग्णालय. लहान मुलाने चुकून भांग किंवा तिचा लाडू खाल्ला असेल तर लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय, कारण मुलांचा श्वास मंदावू शकतो. आणि डॉक्टरांना खरे सांगावे. भांगेचे नाव लपवले तर ते दुसऱ्याच आजाराच्या मागे लागतात.

हेच एका कमी माहीत असलेल्या त्रासाबाबत होते. वर्षानुवर्षे रोज ओढणाऱ्या काहींना थांबता न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात आणि कढत पाण्याने अंघोळ केली की तेवढ्यापुरते बरे वाटते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये हे प्रथम नीट मांडले. गांजा पूर्ण थांबवणे हाच त्यावर टिकाऊ उपाय. प्रश्न विचारला गेला नाही तर रुग्ण दुर्बिणीच्या तपासण्या करत फिरतो.

‘गांजा सोडल्यावर काही होत नाही’ हाही गैरसमज. रोज घेणाऱ्याने थांबवले की दोन-तीन दिवसांत चिडचिड, झोपमोड, भूक मरणे, विचित्र स्वप्ने सुरू होतात. पहिला आठवडा सर्वांत कठीण असतो, पुढे दोनेक आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. हे आधी सांगितलेले असेल तर माणूस तग धरतो, नसेल तर ‘मला याची गरजच आहे’ असे समजून पुन्हा कांडी वळतो.

अशी माहिती दिली तर आपण मुलांना नशा करायला शिकवतो, हा आक्षेप मला क्षुल्लक वाटत नाही. आईबापांची भीती खरी आहे. पण एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा २०१९ चा अहवाल सांगतो की वर्षभरात गांजा, चरस किंवा भांग घेतलेले भारतीय सुमारे ३.१ कोटी होते आणि त्यांतल्या ७२ लाखांना मदतीची गरज होती. भांग घेणारे संख्येने जास्त, पण व्यसनाचे प्रमाण गांजा-चरस ओढणाऱ्यांत जास्त. ही माणसे आज आहेत, आपण बोललो नाही तरी आहेत. १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले, तेव्हा महाराष्ट्राला गर्दचे, म्हणजे ब्राऊन शुगरचे, भय होते. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता माणूस म्हणून जवळ करण्याची रीत त्यांनी इथे रुजवली. ती रीत गांजाबाबतही हवी, आणि व्यसन लागण्याआधीपासून हवी.

पोलिसांच्या धाकाने घरचे उपचार टाळतात, म्हणून कायद्यातली एक तरतूद सर्वांना माहीत असावी. सेवनासाठी एनडीपीएसच्या कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण कलम ६४-अ प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६ आहे, मानसिक त्रासासाठी ‘टेलिमानस’चा १४४१६. आणि आपल्या घराण्यात कुणाला मानसिक आजार झाला असेल तर ते घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना, ती बाहेरगावी शिकायला जाण्याआधी, कृपा करून सांगा.